बाप बाहेर बाकड्यावर

आमच्या सिस्टर माणसाची ओळख त्याच्या जन्मावरून सांगायच्या. कोरेगावच्या बाजारात भेंडी घेता घेता मिशीवाल्या भाजीवाल्याला म्हणायच्या, "तू पायाळू हाईस. येताना आईचा जीव खाल्लास. आता भेंडी तरी कवळी दे." तो मुकाट्यानं कोवळी भेंडी निवडायचा. एकदा भर चौकात त्यांनी एका फौजदाराला गाठलं. "जन्मलास तवा रडलाच न्हाईस तू. उलटा धरला, चापट दिली, तवा कुठं रडलास. अन् आता लोकांवर वरडतोस व्हय?" फौजदारानं टोपी काढून नमस्कार केला आणि हळूच गाडी वळवून घेतली.

सगळी नोकरी त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात काढली होती. त्यामुळे अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सिस्टर म्हणजे सिस्टर.

मी सांगलीची. कोरेगावला हायस्कुलात गणित शिकवायला लागले आणि खोली बघायला त्यांच्याकडे गेले. दुसरी घरमालकीण असती तर तिनं जात, पगार, स्वयंपाकाचं विचारलं असतं. सिस्टरांनी विचारलं, "नॉर्मल का शिझर?"

"काय?"

"तू. कशी झालीस?"

म्हटलं, आईला विचारावं लागेल. "मग विचार की! एवढं तरी ठाऊक पायजे माणसाला." मी तिथंच जिन्यात उभी राहून सांगलीला फोन लावला. नॉर्मल, पण नाळ मानेभोवती अडकली होती, असं आईनं सांगितलं. सिस्टरांनी मान डोलावली. "तरीच लवकर चिडतीस." मला भेटून त्यांना दहा मिनिटंही झाली नव्हती. चिडले मी, पण खोली घेतली.

आता एक गोष्ट सांगून टाकते. मला पक्षी आवडत नाहीत. लांब झाडावर बसलेले असतील तर माझं काही म्हणणं नाही. पण डोक्याजवळ पंख फडफडले की मी डोकं झाकून पळते. आणि खोली घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, की माझ्या खिडकीखालच्या जुन्या गोठ्यात जनावरं नव्हती, पोपट होते. विदेशी पोपट. गोठ्याला चहूबाजूंनी जाळी मारलेली, आत लाकडी पेट्या टांगलेल्या, त्यात लव्हबर्ड, कॉकाटील आणि आणखी कायकाय. त्यांनी सकाळचा जो कालवा केला, तो ऐकून मी पांघरुणातून उठून सरळ खाली गेले, खोली सोडते म्हणून सांगायला.

सिस्टर जाळीच्या आत होत्या. अंगात गाऊन, हातात गोधडीच्या कापडाचे शिवलेले मोजे आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, काच खाली ओढलेली. काचेआडून त्या म्हणाल्या, "चा झालाय. चुलीजवळ झाकून ठेवलाय. घे." खोली सोडायचं राहूनच गेलं.

ते हेल्मेट त्या विसरून जायच्या. दुधवाल्याला दार उघडायच्या ते हेल्मेट घालून. एकदा तशाच शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेल्या, आणि शेजारणीनंही काच वर करून त्यांना कुंकू लावलं.

गोठ्यासमोर एक लाकडी बाकडं होतं. लांबलचक, पाय झिजलेले, पाठ टेकायची फळी गुळगुळीत काळी झालेली. दवाखान्यात स्टीलच्या खुर्च्या आल्या तेव्हा जुनं सामान विकायला काढलं, त्यातनं सिस्टरांनी हे उचलून आणलं होतं. बाळंतिणींचे नवरे ज्यावर बसायचे ते बाकडं. "लय बाप बघितलेत ह्या बाकड्यानं," त्या म्हणायच्या. मला वाटलं, असतो एकेकाचा नाद.

गोठ्यातही त्यांनी वॉर्डाचे सगळे कायदे लावले होते. अंडी घातलेल्या मादीच्या पेटीपुढं मोठ्यानं बोलायचं नाही. पेटी उघडण्याआधी बोटानं टकटक करून "येऊ का गं?" विचारायचं. पिल्लू अंड्यातनं बाहेर आलं की बाहेरून मी विचारायचं, "रडलं का?" आणि आतनं त्यांनी सांगायचं, "रडलं म्हंजे जगलं." हा प्रश्न विचारायची ड्युटी माझ्यावर कधी आली, मला कळलंही नाही. गावातलं कुणी रानातल्या पोपटाचं पिल्लू धरून आणलं की मात्र सिस्टर वाघीण व्हायच्या. "आपलं पोपट पाळायला बंदी हाय, ठाऊक न्हाई? आईच्या पेटीतनं लेकरू उचलतोस? जा, हुतं तिथं ठेवून ये आधी!"

सगळ्यांत लाडकी होती ती सन कॉन्युअर जातीच्या पोपटाची एक मादी. हळदीसारखी पिवळी, डोक्यावर नारिंगी झाक. पिल्लू असताना सिस्टरांनी तिला सिरिंजनं भरवून वाढवलं होतं, म्हणून ती 'लेक'. लेक वयात आली आणि सिस्टरांनी स्थळं बघायला सुरुवात केली. लोणंदला एकाकडे नर आहे असं कळलं. रविवारी मला घेऊन त्या पॅसेंजरनं लोणंदला निघाल्या, पिशवीत नारळ घेऊन.

"सिस्टर, नारळ कशाला?"

"मुलगा बघायला रिकाम्या हातानं जात्यात व्हय?"

लोणंदच्या त्या माणसाला त्यांनी जे प्रश्न विचारले, ते पुढं माझ्या लग्नातही कुणी विचारले नाहीत. आईबाप कुठले? भाऊबहिणी किती? नात्यात तर नाही ना जुळत? पिसं उपटायची सवय? त्या माणसानं चहा पाजला, पोहे दिले, आणि सिस्टरांनी पिंजऱ्याला कुंकवाचं बोट लावून नर ताब्यात घेतला. परतीच्या गाडीत नवरदेवानं असा काही आवाज काढला की अख्खा डबा आमच्याकडे वळून बघायला लागला. सिस्टर ऐटीत सगळ्यांना सांगत होत्या, "जावई हाय आमचा."

इथूनच सगळं बिघडलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे जावई म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. हा तर घरजावई. सिस्टर त्याला 'जावईबापू' म्हणायच्या. सकाळी सगळ्यांच्या आधी त्याचं ताट. बदाम, उकडलेलं अंडं, डाळिंबाचे दाणे, कोवळं कणीस. तेही वाटीत ठेवून नाही, हातमोजा काढून तळहातावर. त्या वर्षी अधिक महिना आला तर त्यांनी जावईबापूंना वाण दिलं! घरातल्या बारक्या ताटात पुरणाचा छोटासा धोंडा, बिनगुळाचा, कारण साखर पक्ष्यांना वाईट. वर निरांजन ओवाळलं. मी म्हटलं, "सिस्टर, आता कपडे करा त्यांना." त्या गंभीरपणे म्हणाल्या, "पंखाला अडचण व्हईल गं."

जावईबापूंना माणसाची भीडच राहिली नाही. लेकीनं अंडी घातली, पिल्लं निघाली, आणि त्यांचं डोकं फिरलं. जाळीजवळ कुणी गेलं की पिसं फुलवून, मान ताठ करून अंगावर यायचे. दाणे टाकायला गेलं तरी झडप. तळहातावर खाऊन खाऊन तो हात त्यांना पाठ झाला होता. कुठं चावलं की लागतं तेही पाठ. एका सकाळी सिस्टर पिल्लं बघायला पेटी उघडतात तोवर जावईबापूंनी गोधडीच्या मोज्यावरून त्यांचा अंगठा फोडला. सिस्टर "आई गं" करून मागं सरल्या. जावईबापू त्याच रागात पेटीत घुसले आणि समोर जे दिसलं त्याला चावत सुटले. समोर त्यांचीच पिल्लं होती.

सिस्टरांनी रुमालात गुंडाळून आणलेलं ते मी बघितलं नाही. बाकड्यावर बसून त्या कितीतरी वेळ त्या रुमालाकडे बघत होत्या. अंगठ्यातनं रक्त गळत होतं, त्याचं भान नव्हतं. माझं मन फार वाईट झालं.

अंगठा काही केल्या भरेना. सिस्टरांना साखरेचा आजार. टाके पडले, पू झाला, आणि शेवटी पुण्याहून त्यांचा मुलगा आला. एकुलता एक, सज्जन माणूस. मला चिडायचं होतं त्याच्यावर, पण चिडता येईना, कारण तो खरं बोलत होता.

"आई, मला तू हवी आहेस. सगळ्या बोटांसकट. आता एकदा जरी तुला चावला ना, तर हे पक्षी सगळे देऊन टाकायचे, आणि तू माझ्याकडे पुण्याला यायचं. बस्स. मॅडम, तुम्ही साक्षीदार."

मी साक्षीदार! फोन करून दर आठवड्याला मला विचारायचा, "हात बघितला का आईचा?"

तो गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "पोरगं लय गुणाचं हाय. पर पुण्याला काय करू मी? फ्लॅटात बसून? तिथं कोण कसं जन्मलं, मला ठाऊक न्हाई." हे त्या हसत म्हणाल्या, पण नंतर पदरानं डोळे पुसले. एखाद्या माणसाचं गाव म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि लेकीनं पुन्हा अंडी घातली.

मी वैतागले होते. सिस्टरांचा हात पट्टीत, तरी त्या डाव्या हातानं बदाम सोलत होत्या. कुणासाठी? तर जावईबापूंसाठी! माझा पारा चढला.

"सिस्टर, एक विचारू? तुमच्या वॉर्डाच्या दारात एखादा नवरा असा दंगा करायला लागला असता, तर त्याला तुम्ही बदाम भरवले असते का?"

सिस्टरांचा हात थांबला.

"बदाम? त्येला बाकड्यावर बशिवला असता. भाईर."

"मग?"

त्यांनी बदाम खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग गोठ्याकडे बघितलं, आणि खदाखदा हसायला लागल्या. "आगं माझे बाई! जावई म्हणून आणला त्येला, अन् त्यो बाप झाला की! बाप झाला तरी मी आपली जावईच धरून बसली!"

दुसऱ्या दिवसापासून मान बंद. ताट बंद, तळहात बंद, अंडं-बदाम बंद. साधे दाणे, साधा पाला, तेही जाळीच्या फटीतनं बाहेरूनच. पेटीच्या तोंडाला सुतारानं पत्र्याची झडप बसवून दिली, बाहेरनं दोरी ओढली की पेटी बंद. आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळेला गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला शेवग्याची एक ताजी फांदी टांगायची. घरामागं शेवग्याचं झाड होतंच.

"फांदी कशाला?" मी विचारलं.

"आगं, बापाला नुसतं बस म्हणून चालत न्हाई. रिकामा बसला की डोस्कं फिरतंय त्येचं. हातात काम द्यावं लागतंय."

पहिले काही दिवस जावईबापूंनी फांदीकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग एक दिवस गेले, एक पान तोडलं, टाकलं. दुसरं तोडलं. मग साल सोलायला लागले आणि त्यात असे रंगले की बस. लेक तोवर दाणे टिपायला बाहेर येई. सिस्टर दोरी ओढून बांधून ठेवत, पेटीच्या मागच्या बाजूला टकटक करत, "येऊ का रं?" म्हणत आणि मागचं दार उघडून पिल्लं बघत. झाकण लावून बाहेर येईपर्यंत बापाची फांदी निम्मी सोलून झालेली. पिल्लं दोन होती. मी बाकड्यावरून विचारायची, "रडलं का?" आणि त्या दोन बोटं दाखवायच्या. दोन्ही रडली.

पिल्लांना पिसं फुटली. सिस्टर खुशीत होत्या, अंगठा भरत आला होता. आणि एका रविवारी सकाळी, पेटी बघायच्या नेमक्या वेळेला, न सांगता मुलगा आला.

मी बाकड्यावर होते. सिस्टर पेटीमागं, एक पिल्लू हातात, हेल्मेट डोक्यावर. हा अंगणात आला, आईला आत बघितलं, आणि त्याचा चेहराच बदलला. "आई! परत आत? परत?" मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत यानं गोठ्याचं दार उघडून पाय आत टाकला. त्याच्या बुटात झडपेची दोरी अडकली, तटकन तुटली, आणि झडप वर गेली. पेटीचं तोंड उघडं. आत दुसरं पिल्लू.

जावईबापूंनी फांदी सोडली आणि पिवळ्या गोळ्यासारखे सुटले ते थेट मुलाच्या कानावर. कान धरला. तो ओरडायला लागला, हात हलवायला लागला. आणि मला दिसलं, की आता याला झटकलं तर हा रागात पेटीत घुसणार. मागच्या वेळेसारखंच.

सिस्टरांचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा थांबल्या असतील.

"हलू नगंस! डोळं मीट. हात खाली. कळ काढ!"

मुलगा पुतळ्यासारखा उभा राहिला. कानाला पोपट लोंबतोय, डोळे मिटलेले.

"पोरी, दुसरी फांदी!"

पोरी म्हणजे मी. बाकड्याजवळ उद्यासाठी तोडून ठेवलेली फांदी होती. मी, पंख फडफडले की पळणारी, ती फांदी घेऊन आत गेले. काय केलं ते मला नीट आठवत नाही. मी फांदी त्याच्यापुढं हलवली आणि सिस्टर वॉर्डातल्या नवऱ्यांशी बोलत असतील तशी बोलत सुटले. "चला, बापू, चला, इकडं. काम राहिलंय तुमचं. बघा किती पाला आहे. चला." त्यानं एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. कान सोडला. फांदीवर चढला. मी त्याला तसाच फांदीसकट दुसऱ्या टोकाला नेऊन टांगला, आणि त्यानं पहिलं पान तोडलं. सिस्टरांनी झडप हातानं ओढून बंद केली.

मी बाहेर येऊन मातीतच बसले. पण ड्युटी ती ड्युटी. ओरडले, "रडलं का?"

पेटीतनं चिरका आवाज आला. "रडलं," सिस्टर म्हणाल्या. "म्हंजे जगलं."

मुलाला बाकड्यावर बसवून त्यांनी त्याचा कान धुतला, औषध लावलं, पट्टी केली. कानाच्या पाळीला बारीक खाच पडली होती. जरा धीर आल्यावर तो म्हणाला, "झालं! चावला. मॅडम, तुम्ही साक्षीदार. आता पक्षी बंद."

"मला कुठं चावला?" सिस्टर म्हणाल्या. "अट मला चावण्याची हुती. तुला चावला तर काय करायचं ते ठरलं न्हवतं."

मुलानं माझ्याकडे बघितलं. साक्षीदार म्हणून मी खरं तेच सांगितलं, "नव्हतं ठरलं."

"आई, हा पक्षी वेडा आहे!"

"येडा न्हवं, बाप हाय." सिस्टर त्याच्या शेजारी बसल्या. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "तुझा बाप असाच हुता. मिलिटरीतनं रजा काढून आलता. तू झालास, अन् ह्यो गडी दारात उभा. माझ्याच वॉर्डात माझ्याच हाताखालच्या आयाला आत येऊ दीना. डाक्टरला म्हणाला, लेकराला हात लावशील तर बघ. समदा दवाखाना गोळा झाला. मग मीच खाटेवरनं वरडले, 'आवं, बाकड्यावर बसा!' बसला. पर हात शिवशिवत हुतं त्येचं. तर आयाच्या हातानं शेवग्याचा पाला धाडला निवडायला, माझ्याच भाजीचा. तवा गप झाला. ह्याच बाकड्यावर. सांजपातूर पाला निवडत बसला हुता, एक देठ राहू दिला न्हाई." त्यांनी फळीवरनं हात फिरवला. "त्यानंच मागनं लावलाय त्यो शेवगा."

आपण कुठं बसलोय ते मुलानं नव्यानं बघितलं. मग सिस्टरांनी पिसं फुटलेलं एक पिल्लू रुमालात गुंडाळून त्याच्या हातात दिलं, आणि पुण्याचा विषय निघाला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. दर आठवड्याचा फोन मात्र चालू राहिला. आधी विचारायचा, "आईचा हात?" आणि मग जरा थांबून, "आणि बापू?"

नंतर माझं लग्न झालं, बदली घेऊन मी सांगलीला परत आले. पहिल्या बाळंतपणाला दवाखान्यात भरती झाले. माझा नवरा एरवी इतका गरीब स्वभावाचा, की भाजीवाल्याशी घासाघीस करत नाही. पण मुलगी झाली आणि हा माणूस बदलला. पंख्यावरून नर्सशी भांडला. डॉक्टरांना विचारलं, तुमचे हात धुतलेत का? माझ्या आईला बाळ घेऊ देईना. मी आतनं हाका मारतेय, तर ऐकायला तयार नाही.

अशात दारात ओळखीचा आवाज आला. "कोण वरडतंय रं?"

सिस्टरांना त्यांच्या मुलानं गाडीनं कोरेगावहून आणलं होतं. सिस्टरांच्या हातात शेवग्याच्या पाल्याची भलीमोठी पिशवी, माझ्या भाजीसाठी. त्यांनी माझ्या नवऱ्याला एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. पिशवी त्याच्या हातात दिली आणि दाराबाहेर बोट केलं.

"बाकड्यावर बसा, बापू. पाला निवडा."

तो बसला! इतका वेळ कुणाच्या बापाचं न ऐकणारा माझा नवरा जाऊन बसला. सिस्टर आत आल्या, बाळाला हातावर घेतलं, उलटंपालटं करून बघितलं.

"रडलं का?" त्यांनी नर्सला विचारलं.

"खूप रडली."

"म्हंजे जगली. बघ पोरी, कशी झाली ते सांगून ठेव हिला. मोठी झाल्यावर इचारलं तर फोन लावत बसायला नगं."

मी हसत होते आणि रडत होते. दाराच्या फटीतनं बाहेरचं दिसत होतं. बाकड्यावर वर्तमानपत्र पसरलेलं, पाल्याचा ढीग, एका बाजूला माझा नवरा, दुसऱ्या बाजूला सिस्टरांचा मुलगा. कानाच्या पाळीला खाच असलेला. तो माझ्या नवऱ्याला शिकवत होता, "असं ओरबाडायचं नाही. देठ ठेवायचा नाही. सावकाश. अजून पुष्कळ वेळ आहे."

सिस्टरांनी तिकडं एकदा बघितलं आणि नर्सला म्हणाल्या, "दार लोटून घ्या. भाईरचं दोघं कामात हायेत."